नवी पेटी घेण्यापूर्वी : मैफलीसाठी मिडी कीबोर्डची निवड

वसंत ऋतू आला की व्याख्याने होतात, तशीच गावोगावी गाण्याबजावण्याचीही वर्दळ सुरू होते. सप्ताह, जत्रा, लग्नकार्ये, शाळांची संमेलने आणि पुढे गणपती-नवरात्र असा हा क्रम वर्षभर चालू राहतो. पूर्वी ह्या सर्व प्रसंगी पेटी, तबला किंवा पखवाज आणि टाळ एवढ्यावर भागत असे. आता मंडळातील तरुण मंडळी म्हणतात, "कीबोर्ड पाहिजे." वर्गणी जमते, कोणीतरी लातूरला किंवा सोलापूरला जातो, दुकानदार दिवे लुकलुकणारी एक लांबलचक वस्तू पुढे ठेवतो आणि सौदा होतो. वस्तू घरी आल्यावर मात्र असे आढळते की तिच्यातून आवाजच येत नाही!

ही थट्टा नव्हे. 'मिडी कंट्रोलर' नावाच्या वस्तूचा तो स्वभावधर्मच आहे. तिची ओळख न करून घेता ती विकत घेणे म्हणजे बैल न पाहता शिवळ विकत घेण्यासारखे आहे. बेंबळीसारख्या गावात वर्गणीचा रुपया सहजासहजी जमत नाही. ज्यांनी तो दिला त्यांपैकी पुष्कळांची पिके पावसावर अवलंबून असतात. म्हणून हा विषय केवळ हौशी वादकांचा आहे असे आम्ही मानीत नाही. ज्यांच्या पैशाने वाद्य यावयाचे आणि ज्यांच्या कानांवर ते पडावयाचे, त्या सर्वांनीच तो समजून घेतला पाहिजे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या हातपेटीत तीन गोष्टी एकाच लाकडी खोक्यात असतात. पट्ट्या बोटांचा हुकूम घेतात, भाता वारा पुरवितो आणि आतील पितळी सुरांच्या जिभा वाजतात. मिडी कंट्रोलरमध्ये ह्यांपैकी फक्त पहिली गोष्ट असते. तो बोटांचा हुकूम घेतो आणि तारेवाटे दुसऱ्या यंत्राकडे पोचवितो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली एवढाच तो निरोप. आवाज काढण्याचे काम पलीकडचे यंत्र करते. ते संगणक असेल, टॅबलेट असेल किंवा स्वतंत्र ध्वनियंत्र असेल.

ह्या निरोपाची भाषा म्हणजेच मिडी. ती १९८३ साली ठरली. तोपर्यंत प्रत्येक कंपनीच्या विजेच्या वाद्यांची भाषा निराळी होती. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग ह्यांनी दहा राग विजेच्या यंत्रांवर वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. तीत वापरलेली तिन्ही प्रमुख यंत्रे एकाच जपानी कंपनीची, रोलँडची, होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी ह्यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांनी एक समान भाषा मान्य केली. त्या वर्षी एका कंपनीचा कीबोर्ड दाबून दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड वाजवून दाखविण्यात आला. भाषा इतकी सोपी ठरली की आज चाळीस वर्षांनंतरही तीच चालते. २०२० साली तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली; पण पहिली अद्याप निवृत्त झालेली नाही. मध्य 'सा' धरावा अशा जागी जी पांढरी पट्टी आहे तिचा क्रमांक ६०. सर्व पट्ट्यांचे क्रमांक ० ते १२७. आणि दाबण्याचा जोरही ० ते १२७ ह्याच मापात. इतके समजले तरी पुष्कळ झाले.

आता कोणी म्हणेल, परक्या यंत्राला आपल्या गाण्यात आणावेच कशाला? हा वाद आम्हांस नवीन नाही. ज्या पेटीला आज आपण अस्सल देशी समजतो ती मूळची फ्रान्सची. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ ह्यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने वारा भरण्याची होती. आपले गवई जमिनीवर मांडी घालून बसणारे. म्हणून भारतात तिला हाताचा भाता लाभला आणि ती बैठकीत आली. मराठी संगीत रंगभूमीने तर ऑर्गनलाही आपलेसे केले. गोविंदराव टेंबे ह्यांनी १९११ च्या 'मानापमान'ला चाली दिल्या आणि पेटीला साथीच्या जागेवरून उचलून स्वतंत्र वादनाच्या आसनावर बसविले. आपल्या मराठवाड्यातून, जालन्याकडून आलेले अप्पा जळगावकर ह्यांनी थोरथोर गवयांना पेटीची साथ केली आणि साथ म्हणजे काय हे एका पिढीला दाखविले.

तरीही १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. आक्षेप मुख्यतः दोन होते. एक, पेटीला मींड येत नाही. तिचे सूर पायऱ्यांसारखे तुटक असतात. दोन, तिचे सूर पाश्चात्त्य समान विभागणीने लावलेले असल्यामुळे ते आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. दोन्ही आक्षेप खरे होते. तरी पेटी टिकली, कारण चांगल्या पेटीवाल्याने तिच्या उणिवा ओळखून तिला कोठे गप्प बसवावयाचे हे शिकून घेतले. नव्या कीबोर्डविषयी हाच धडा आम्ही पुढे ठेवू इच्छितो. यंत्र देशी की विदेशी हा प्रश्न गौण आहे. ज्या गळ्याची साथ करावयाची त्या गळ्याला ते सोयीचे आहे की नाही हा मुख्य प्रश्न आहे.

म्हणून निवडीची सुरुवात दुकानात करू नये. ती मंडळाच्या बैठकीत करावी. तेथे पहिला प्रश्न विचारावा : आपण गातो काय? भजन, हरिपाठ, गौळण गाणाऱ्या मंडळाला तीन ते साडेतीन सप्तके पुरतात. हातपेटीला तेवढीच असतात. त्यांना ४९ पट्ट्यांचा कंट्रोलर भरपूर झाला. चित्रपटगीते, भावगीते, लावणी असा मिश्र कार्यक्रम करणाऱ्या वाद्यवृंदाला एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरे वाद्य वाजवावे लागते. त्यांनी ६१ पट्ट्यांखाली उतरू नये. ८८ पट्ट्या पियानोच्या. ज्याला पियानोच वाजवावयाचा आहे त्यानेच तेवढ्या घ्याव्यात. वजनदार पट्ट्यांचे असे वाद्य बहुधा दहा-बारा किलोंच्या वर जाते, ते एस.टी.तून किंवा मोटारसायकलवरून नेणे म्हणजे शिक्षाच. उलट २५ पट्ट्यांचे चिमुकले कंट्रोलर घरी बसून चाली बांधण्यास ठीक. पण ऐन गाण्यात गायक तार सप्तकात गेला की वादकाला सप्तक बदलण्याचे बटन शोधावे लागते, आणि तेवढ्यात सम निघून जाते.

दुसरा प्रश्न पट्टीच्या स्पर्शाचा. बहुतेक कंट्रोलरमध्ये पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा जुळण्यामधील वेळ मोजून यंत्र दाबाचा वेग ठरविते. वेळ कमी तर आवाज मोठा. पियानोला हे योग्यच आहे. परंतु पेटीचे शास्त्र निराळे! पेटीची पट्टी हळू दाबा की जोराने दाबा, आवाज तेवढाच. लहानमोठेपणा येतो तो भात्यावरील डाव्या हातातून, आणि तोही पट्टी दाबून झाल्यानंतर. म्हणून कंट्रोलरवर पेटीचा आवाज वाजविताना दाबाची संवेदना बंद करून एकच माप कायम ठेवण्याची सोय असावी. ती नसेल तर हरकत चालू असता मधलाच एखादा सूर उगाच किंचाळून उठतो. ही सोय आहे की नाही हे विकत घेण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

मग भात्याचे काम कोणी करावयाचे? पाश्चात्त्य वादक उभा राहून किंवा स्टुलावर बसून वाजवितो. तो हे काम पायाखालच्या पेडलवर सोपवितो. आपला भजनी वादक मांडी घालून बसतो. त्याच्या पायाला पेडल कसे लागणार? ह्याचे उत्तर डाव्या हाताशीच आहे. कंट्रोलरच्या डाव्या बाजूस दोन चाके असतात. एक सोडताच मधोमध परत येते, ते सूर वरखाली सरकविण्याचे. दुसरे जेथे ठेवावे तेथेच राहते. हे दुसरे चाक आवाजाच्या लहानमोठेपणाला जोडून घेतले की ते भात्याचे काम करते आणि डाव्या हाताला त्याची जुनी नोकरी परत मिळते. म्हणून बैठकीत वाजविणाऱ्याने असा कंट्रोलर निवडावा की ज्याला खरीखुरी चाके आहेत आणि ज्यांची कामे बदलता येतात. काही स्वस्त यंत्रांत चाकांऐवजी बोटाने घासावयाची पट्टी किंवा छोटी दांडी असते. घामेजल्या बोटांना तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पहिल्या चाकाने पेटीवरील जुना आक्षेप अंशतः दूर होतो, कारण त्याने मींड घेता येते. बहुधा ते वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर एवढे सरकते. हे अंतर कमीजास्त करता येते. मात्र एक गोष्ट ध्यानात असावी. चाक फिरविले की त्या वाहिनीवर वाजणारे सर्वच सूर सरकतात. डाव्या हाताने षड्ज धरून ठेवला असेल तर तोही घसरतो, आणि गायकाच्या पायाखालची जमीनच हलते! म्हणून षड्ज-पंचमाचा आस निराळ्या वाहिनीवर ठेवावा. मिडीत अशा १६ वाहिन्या आहेत. प्रत्येक बोटाला निराळी मींड देणारी यंत्रेही निघाली आहेत आणि त्यांची पद्धत २०१८ साली मान्य झाली. परंतु ती महाग असून त्यांना निराळा रियाझ लागतो.

श्रुतीचा आक्षेप अधिक खोल आहे. समान विभागणीत प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटचा धरतात. त्या हिशेबाने शुद्ध गंधार ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्यातून स्वयंभू उमटणारा गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटांवर असतो. म्हणजे यंत्राचा गंधार १४ सेंट चढा! पंचमाचा फरक जेमतेम २ सेंट, तो कानास कळत नाही, गंधाराचा कळतो. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक ह्यांनी ह्याच दुखण्यावर बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. मिडीच्या जगात हा उपाय पट्ट्यांत नसून आवाज काढणाऱ्या यंत्रात असतो, कारण कंट्रोलर 'गंधार वाजव' एवढेच सांगतो. गंधार कितीचा हे पलीकडचे यंत्र ठरविते. म्हणून पलीकडच्या यंत्रात प्रत्येक स्वर निराळा उतरविण्या-चढविण्याची सोय आहे काय, हे पाहावे. असेल तर तंबोऱ्याशी जुळणारा गंधार लावता येतो. ही सोय हाताशी असून न वापरणे हा गायकावर अन्यायच होय.

तिसरा प्रश्न आवाज कोठून आणावयाचा. येथे दोन मार्ग आहेत. एक, ज्याच्या पोटातच आवाज आहेत असा सबंध कीबोर्ड घेणे. दुसरा, कंट्रोलर आणि संगणक. पहिल्यात आवाज मोजके, पण बटन दाबले की वाद्य तयार. दुसऱ्यात आवाजांना सीमा नाही, पण अडचणींनाही नाही. संगणक एका क्षणी एक सूर काढीत नसतो. तो आवाजाचे छोटे छोटे घास करून पुढे ढकलतो. सेकंदाला ४८,००० नमुने असतील आणि घास २५६ नमुन्यांचा असेल, तर एका घासाला सुमारे ५ सहस्रांश सेकंद लागतात. घास १,०२४ नमुन्यांचा केला तर २१ सहस्रांश. हवेतून आवाज १० सहस्रांश सेकंदांत सुमारे साडेतीन मीटर जातो. म्हणजे इतका उशीर झाला तर वादकाला आपलेच वाद्य साडेतीन मीटरांवर ठेवल्यासारखे वाटते, तेवढे चालते. पण २०-२५ च्या पुढे गेल्यावर तबलजी कपाळाला आठ्या घालू लागतो, आणि त्याचे बरोबर असते. दोष तारेतून जाणाऱ्या निरोपाचा नसतो. मिडीचा एक निरोप एका सहस्रांश सेकंदाच्या आतच पोचतो.

ह्याच कारणासाठी एक सूचना ठळकपणे करावीशी वाटते. कार्यक्रमात ब्लूटूथच्या स्पीकरवर कीबोर्ड कधीही ऐकू नये. त्या मार्गाने आवाजाला अनेकदा १०० सहस्रांशांहून अधिक उशीर होतो. दृत लयीत तेवढ्या वेळात एक मात्रा अर्धी सरते. साधी तार नेहमीच अधिक विश्वासू.

चौथा प्रश्न विजेचा, मांडवाचा आणि हवेचा. दुकानात वातानुकूलित खोलीत वाजणारे यंत्र आपल्या मांडवात वाजेलच असे नाही. जनित्र, ट्यूबलाइटी आणि लाउडस्पीकर एकाच तारेवर असतात. भूजोडणी बहुधा नावापुरती. संगणकाला चार्जर लावून आवाज मिश्रकात सोडला की '५० हर्ट्झ'ची घरघर सुरू होते आणि कीर्तनकारांच्या प्रत्येक विरामात ती ऐकू येते. ह्यावर तीन उपाय आहेत. संगणक भरलेल्या बॅटरीवर चालवावा; ध्वनिवाल्याकडून डीआय पेटी मागून घ्यावी; आणि शक्य असेल तर कंट्रोलर व ध्वनियंत्र जुन्या गोल पाच पिनांच्या मिडी तारेने जोडावीत. ह्या जुन्या जोडणीत निरोप प्रकाशाच्या द्वारे पलीकडे जातो, विजेचा थेट संबंध राहत नाही, म्हणून त्या वाटेने घरघर शिरत नाही. शिवाय ती तार १५ मीटरपर्यंत चालते; यूएसबी तारेची मर्यादा ५ मीटर. म्हणून ज्या कंट्रोलरला दोन्ही जोडण्या आहेत तो थोडा महाग असला तरी घ्यावा, असे आमचे मत आहे.

आमच्याकडील उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पुष्कळ टॅबलेट आणि फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेले असतात. उन्हात ठेवले तर ते मंदावतात किंवा स्वतःहून बंद पडतात. ज्याचा संपूर्ण आवाज टॅबलेटवर अवलंबून आहे त्याने दुपारच्या कार्यक्रमाला सावली आणि वारा ह्यांची तजवीज आधी करावी. धूळ हा दुसरा शत्रू. पट्टीखालील संपर्कांत धूळ बसली की यंत्राचे मोजमाप चुकते आणि हळू दाबलेला सूरही पूर्ण जोराने वाजतो. काळ्या मातीच्या प्रदेशात कापडी खोळ ही शोभेची वस्तू नव्हे; ती वाद्याच्या किमतीतच धरावी.

आता दुकानात काय पाहावे ते थोडक्यात सांगतो. आपला वादक, आपला गायक आणि आपलाच संगणक बरोबर न्यावा. प्रत्येक पट्टी एकेक करून सारख्या बोटाने दाबावी. काळ्या पट्ट्या पांढऱ्यांहून दबक्या किंवा जोरकस वाजत नाहीत ना, हे ऐकावे. पट्टीच्या मुळाशी दाबून पाहावे, कारण भरभर वाजविताना बोटे तेथे जातात. स्वर सरकविणारे बटन कोठे आहे ते पाहावे. आमचे पेटीवाले 'स्केल चेंजर' पेटीत सबंध पट्ट्याच सरकवितात. येथे एका बटनाने ते होते. पण ते बटन हात लागून नकळत दाबले जाईल अशा जागी असेल तर काळी चारमध्ये चाललेला अभंग अकस्मात काळी पाचमध्ये जाईल! सूर अडकून वाजत राहिला तर सर्व सूर एकदम थांबविणारे बटन आहे काय, हे विचारावे. रात्रीच्या अंधुक उजेडात बटनांवरील अक्षरे दिसतात काय, तेही पाहावे. लुकलुकणाऱ्या चौकटी आणि शंभर-दोनशे आवाजांच्या याद्या ह्यांना शेवटी पाहावे. त्या याद्या पुष्कळदा संगणकातील सामग्रीच्या असतात, वाद्याच्या नव्हेत.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट उरते, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. मुंबईच्या चित्रपटसंगीतात एके काळी एका गाण्याला पन्नास-पन्नास वादक बसत. १९८० नंतरच्या काळात ह्याच यंत्रांमुळे त्यांच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. यंत्राने व्हायोलिनचा आवाज दिला. व्हायोलिनवाला दिला नाही. गावात हेच व्हावयास फार काळ लागणार नाही. कीबोर्डात पेटी, पखवाज, टाळ, संबळ सगळेच आहे म्हटल्यावर ती शिकावयाची कोणी? तुळजापूरच्या आईचा गोंधळ ज्या संबळावर उभा राहतो त्याचा आवाज डबीत भरता येतो. पण गोंधळ्याच्या बोलीप्रमाणे क्षणोक्षणी बदलणारा हात तिच्यात भरता येत नाही. शिवाय एका यंत्रावर सर्व भार टाकलेला असला की वीज जाताच सगळे भजन बसते. पेटी आणि पखवाज ह्यांना वीज लागत नाही!

ह्यास्तव आमचा सल्ला सरळ आहे. भजनी मंडळाजवळ चांगली पेटी असेल तर प्रथम तिचे सूर लावून घ्यावेत. नव्या यंत्राची निकड पुष्कळदा तेवढ्यानेच ओसरते. तरीही कीबोर्ड हवाच असेल तर तो पेटीच्या शेजारी यावा, तिच्या जागी येऊ नये. तंबोऱ्याचा आस, सनईची झाक, भरावाचे सूर अशी जी कामे गावातील कोणी माणूस करीत नाही ती त्याला द्यावीत. मिश्र कार्यक्रम करणाऱ्या वाद्यवृंदाने पोटात आवाज असलेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आधी घ्यावा. संगणक आणि कंट्रोलर हा नंतरचा टप्पा, आणि तोही मंडळात त्याची निगा राखणारा माणूस तयार झाल्यावर. यंत्रासाठी जेवढी वर्गणी जमेल तिचा काही भाग बाजूला ठेवून गावातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला वर्षभर पेटी शिकवावी. पट्ट्या त्याच आहेत. जिची बोटे पेटीवर तयार झाली तिला कोणताही कंट्रोलर परका वाटणार नाही. आणि ज्याला पेटीच येत नाही त्याच्या हाती अठ्ठ्याऐंशी पट्ट्या दिल्या तरी गायकाला त्यांतून एक आधाराचा षड्जही मिळावयाचा नाही.